इंटरनेटचे पहिले दिवस आणि आपला 'ळ'

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यापूर्वी 'अर्नेट'द्वारे ही सोय शिक्षण व संशोधन संस्थांपुरतीच होती. तेव्हाचे पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव हे हैदराबाद संस्थानात वाढलेले, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणारे बहुभाषक. परंतु नवी सेवा आधी मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नईत सुरू झाली; हैदराबादची पाळी नंतर आली. १९९८ मध्ये तेथे 'सायबर टॉवर्स' उभे राहिले, आणि गल्लोगल्ली सायबर कॅफेच्या पाट्या दिसू लागल्या.

१९९९ च्या उन्हाळी सुट्टीत काचीगुड्याला मामांकडे गेलो असता अशाच एका कॅफेत मी प्रथम इंटरनेट हाताळले. तासाचे पैसे आगाऊ भरले. मोडेमने बराच वेळ किरकिर केली, मग हॉटमेलचे पान सावकाश उघडले. अमेरिकेतील मुलासाठी मामांनी कागदावर मराठीत पत्र लिहून आणले होते. कळफलक मात्र इंग्रजी. रोमन लिपीत 'काळ' आणि 'काल' यांत फरक राहीना. मामा हसून म्हणाले, "अरे, यात नवीन काय? आमच्या शाळेच्या दाखल्यावर उर्दूत 'काळे'चे 'काले'च होत!"

मामांच्या बोलण्यात इतिहास होता. निजामी राजवटीत दरबारची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. त्या लिपीत 'ळ'साठी अक्षर नाही. संस्थानातील पाच मराठी जिल्ह्यांचा कागदोपत्री व्यवहार त्या लिपीतून होई. हैदराबादेत विवेकवर्धिनीसारख्या संस्थांनी मराठी शिक्षण जपले, म्हणून आपले अक्षर टिकले.

वस्तुतः संगणकावर मराठी उमटत होती. पुण्याच्या सी-डॅकने तशी साधने तयार केली होती. अडचण पाठवण्याची होती. लिहिणाऱ्याचा फाँट वाचणाऱ्याकडे नसला, की पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत. शेजारच्या तेलुगूभाषकांचीही हीच गत होती. 'युनिकोड'ने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला, आणि तो संगणकांत रुळल्यावर ही अडचण सरली. २००३ मध्ये मराठी व तेलुगू, दोन्ही विकिपीडिया सुरू झाले.

आज खिशातल्या मोबाईलमध्ये 'ळ' आहे. तरीही आपल्या दुभाषी घरांतील मुले, आणि त्यांचे पालकही, मराठी निरोप रोमन लिपीत धाडतात. मामांच्या पिढीला राज्यकर्त्यांनी, आमच्या पिढीला यंत्राने अडवले होते. आता कोणी अडवलेले नाही. निदान यंदाच्या दिवाळीच्या शुभेच्छा तरी आपण देवनागरीत पाठवाव्यात.