बोअरच्या पाण्याने गाडीवर पांढरे डाग पडतात? घरच्या घरी गाडी धुणे, पॉलिश आणि वॅक्स करण्याची योग्य पद्धत

सातारा/सांगली : चारचाकी दारात उभी असते, बँकेचे हप्ते चालू असतात आणि तीन-चार वर्षांतच बोनेटचा रंग पांढुरका दिसायला लागतो. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी रंगच बघतं आणि तिथूनच भाव पाडायला लागतं. ऊन रंग खातं हे खरं, पण बरंचसं नुकसान आपल्याच हाताने होतं. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे, कपड्याच्या पावडरने गाडी घासणे आणि बोअरचे पाणी तसेच वाळू देणे, ही त्याची तीन मोठी कारणे आहेत. यातले काहीही टाळायला वॉशिंग सेंटरवर जावे लागत नाही. दोन बादल्या, चार चांगली फडकी आणि सकाळचे दोन तास पुरेसे आहेत.

रंगाचा वरचा थर केसापेक्षा पातळ

गाडीच्या रंगावर सगळ्यात वर पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक याच थराची असते आणि ऊन-पावसाचा मारही हाच थर सोसतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा कमी असते. धूळ बसलेल्या गाडीवर कोरडे फडके फिरवले की मातीचे कण या थरावर बारीक ओरखडे काढतात. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या याच. हा थर एकदा झिजला की परत येत नाही, गाडी रंगवावीच लागते.

तालुक्यानुसार घाण वेगळी

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर माणमध्ये ५०० मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे गाडीवर बसणारी घाणही सगळीकडे सारखी नसते.

- माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ : धूळ आणि बोअरचे जड पाणी. पाणी उडून जाते, त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार रंगावर पांढरे ठिपके होऊन राहतात.
- कराड, वाळवा, पलूस, कडेगाव : हंगामात कारखान्याच्या धुराड्याची काजळी आणि राख. उसाच्या चिपाडाच्या राखेत वाळूसारखी सिलिका असते. ती कोरडी पुसली तर रंगावर पॉलिश पेपर घासल्यासारखेच होते.
- तासगाव, मिरज आणि द्राक्षपट्टा : ब्लोअरने फवारताना वाऱ्यावर उडालेले औषध. बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि चुना असतो. चुना वाळला की पापुद्रा घट्ट बसतो, म्हणून त्याच दिवशी पाणी मारावे. गाडी फवारणीच्या वेळी बागेच्या कडेला लावूच नये.
- जावळी, पाटण, महाबळेश्वर : तांबडा चिखल. तो चाकांच्या वरच्या पोकळीत आणि दाराच्या खालच्या भोकांत अडकून ओल धरतो आणि तिथूनच गंज सुरू होतो.

पाणी कुठले वापरायचे?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. साबणाला फेस येत नसेल आणि बादलीला पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे असे समजा.

अशा पाण्याने गाडी धुवायला हरकत नाही, फक्त ते गाडीवर वाळू द्यायचे नाही. शेवटचे पाणी मात्र गोडे असावे. पावसाळ्यात पत्र्याचे साठवलेले पाणी उत्तम. एरवी गावच्या आरओ प्लँटवरचे पाच-दहा लिटर पुरते. घरच्या आरओ मशीनमधून बाहेर टाकले जाणारे पाणी वापरू नका, त्यात क्षार जास्त असतात. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनेच्या कालव्याचे पाणी असेल तर रात्रभर ठेवून गाळ खाली बसू द्या आणि वरचे घ्या.

पाइप लावून दहा मिनिटे पाणी सोडले की १०० ते २०० लिटर सहज जाते. खालच्या पद्धतीने छोटी गाडी ५० लिटरच्या आसपास धुऊन होते. टँकरची वाट बघणाऱ्या गावात हा फरक छोटा नाही.

धुण्याची पद्धत

१. गाडी सावलीत लावा. बोनेटला हात लावून बघा, गरम असेल तर थांबा. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावरची वेळ चांगली.

२. दोन बादल्या घ्या. एकीत दहा लिटर पाणी आणि कार शाम्पू, दुसरीत दहा लिटर साधे पाणी. कपड्याची पावडर किंवा भांड्याचा साबण नको. पावडर तीव्र अल्कली असते, ती वॅक्स काढून टाकते आणि रबर कोरडे पाडते.

३. चाके आधी धुवा, त्यांचे फडके वेगळे ठेवा. ब्रेकची काळी भुकटी लोखंडी असते, ते फडके रंगाला लावायचे नाही.

४. आता टपापासून खाली साधे पाणी ओता आणि माती भिजू द्या. या टप्प्यावर हात लावायचा नाही. जितकी माती पाण्याने निघेल तितके ओरखडे कमी. पाठीवरचा पंप वापरायचा असेल तर तो कोराच हवा. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेला पंप गाडीसाठी घेऊ नका, औषध अंगावर उडते.

५. मायक्रोफायबरचे फडके शाम्पूत बुडवून टप, काचा, बोनेट, दारे आणि शेवटी खालचा भाग असे उतरत या. हात सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नको. एक भाग झाला की फडके साध्या पाण्यात पिळा, मगच परत शाम्पूत बुडवा. फडके जमिनीवर पडले की ते बाजूला टाका, झटकून परत घेऊ नका.

६. शाम्पू वाळायच्या आत पाणी मारा. शेवटचे गोडे पाणी तांब्याने वरून सोडा.

७. लगेच मोठ्या कोरड्या मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्या. दारे आणि डिकी उघडून कडा पुसा, दाराखालची भोके काडीने मोकळी करा.

८. मग गाडी हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबा, म्हणजे ब्रेक कोरडे होतात.

वापरलेले पाणी विहीर, हातपंप किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नका. गाडी नदीत किंवा बंधाऱ्यात उतरवून धुणे तर बंदच करायला हवे. खालच्या गावाला तेच पाणी प्यायला जाते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानेही ओढ्या-नदीत घाण सोडायला मनाई आहे.

डाग पडलेच असतील तर

ताज्या पांढऱ्या ठिपक्यांवर पांढरे व्हिनेगर आणि आरओचे पाणी निम्मे-निम्मे करून फडक्याने मिनिटभर धरा, पुसा आणि भरपूर पाणी मारा. गाडी तापलेली नसावी. आठवडे उलटलेले ठिपके रंगात खड्डा पाडतात, ते व्हिनेगरने जात नाहीत. पक्ष्यांच्या विष्ठेतले आम्ल उन्हात आणखी लवकर रंग खाते. ओले फडके पाच मिनिटे ठेवून ती उचलून घ्या, नखाने खरवडू नका.

पॉलिश आणि वॅक्स एकच नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पॉलिश रंग घासते, वॅक्स रंगावर पांघरूण घालते. पॉलिशमध्ये अतिशय बारीक खर असते. ती क्लिअर कोटचा थोडा भाग झिजवून ओरखडे सपाट करते. म्हणून दर महिन्याला पॉलिश म्हणजे दर महिन्याला रंग कमी. वर्षातून एकदा, तेही गरज असेल तरच करा.

ओरखड्यावरून नख आडवे फिरवून बघा. नख अडकले तर तो खोल आहे, पॉलिशने जाणार नाही. तिथे टच-अप रंग लावावा, नाहीतर गंज धरेल.

हाताने पॉलिश करताना वाटाण्याएवढे पॉलिश पॅडवर घ्या आणि दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा हलक्या दाबाने घासा. कडांवर रंग पातळ असतो, तिथे जोर नको. ड्रिलला बफ लावून मशीन फिरवायचा मोह टाळा, सवय नसेल तर एका जागी रंग जळतो.

वॅक्सचा मुख्य घटक बऱ्याचदा कार्नोबा असतो. हे ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचे मेण. गाडी धुऊन पूर्ण वाळल्यावर एका वेळी एकच भाग घ्या आणि अगदी पातळ थर लावा. जाड थराने चमक वाढत नाही, पुसताना फक्त हात दुखतो. थर पांढुरका झाला की बोट फिरवून बघा. बोटाखाली स्वच्छ पट्टा दिसला तर कोरड्या मायक्रोफायबरने पुसून काढा. काळे प्लॅस्टिक आणि रबर यांना वॅक्स लागू देऊ नका, पांढरे डाग राहतात.

वॅक्स दोन-तीन महिने टिकते. पाण्याचे थेंब मोत्यासारखे गोल उभे राहतात तोवर ते आहे. पाणी पसरायला लागले की संपले. वॅक्समुळे ओरखडे थांबत नाहीत, पण धूळ, क्षार आणि राख घट्ट चिकटत नाही, त्यामुळे पुढचे धुणे कमी पाण्यात होते. डेंटिंग-पेंटिंग करून आणलेल्या गाडीला निदान महिनाभर वॅक्स लावू नये.

हे टाळा

- अंगावर डिझेल, रॉकेल किंवा खोबरेल फिरवणे. दोन दिवस चमकते, मग त्यावर धूळ चिकटते आणि रबर फुगते.
- काथ्या, भांड्याची घासणी, शिवण असलेले जुने कपडे.
- पिवळ्या पडलेल्या हेडलाइटला टूथपेस्ट. थोडे दिवस उजळते, पण वरचा संरक्षक थर जाऊन काच आणखी लवकर पिवळी पडते.

दसरा आणि पूर

दसऱ्याला पूजेचे हळद-कुंकू पांढऱ्या गाडीवर डाग सोडते. आधी वॅक्स केलेले असेल तर ते सहज निघते. झेंडूचा हार तारेने नाही, सुतळीने बांधा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काढून पाणी मारा.

२०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरानंतर अनेकांनी गाडी आधी धुतली. तसे करू नका. आधी पाण्याच्या खुणांसह सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. इंजिन चालू करू नका. चिखल वाळलेला असेल तर पाण्याने भिजवून सोडवा, खरवडू नका.

वर्षाचे वेळापत्रक

- दर १५ दिवसांनी : दोन बादल्यांनी धुणे. कारखाना सुरू असताना आठवड्याला नुसते पाणी तरी मारा.
- मे अखेर : पावसाआधी वॅक्स आणि खालच्या भोकांची सफाई.
- दसऱ्याआधी : चांगले धुणे, गरज असेल तर पॉलिश आणि नंतर वॅक्स.
- जानेवारी : परत एक हात वॅक्स.

रोज सकाळी कोरडे फडके मारायची सवय असेल तर ती आजच मोडा. गाडी धुळकट दिसली तरी चालेल, ओरखडे पडलेली परवडत नाही.