न दिसणारें व्यंग

आंधळा समोरून आला तर आपण बाजूस सरतों. लंगड्यास बसावयास जागा करून देतों. बहिऱ्याशीं मात्र तेंच वाक्य दुसऱ्यांदा बोलावें लागलें कीं आपल्या कपाळास आठी पडते. आंधळ्याची काठी त्याच्या वतीनें आधींच बोलते. बहिऱ्याजवळ तसें कांहीं चिन्ह नसतें. मग जें व्यंग दिसत नाहीं, त्याचें कारण आपण त्याच्या स्वभावांत शोधूं लागतों. या समजुतीनें मनुष्याचा केवढा छळ होतो, हें जर्मन संगीतकार बीथोव्हेन याच्या चरित्रावरून दिसून येतें.

बॉन येथें १७७० सालीं जन्मलेला हा पुरुष व्हिएन्नांत कीर्तीस चढत असतांनाच, वयाच्या तिशीच्या आंत, त्याचे कान अधू होऊं लागले. जून १८०१ मध्यें वेगेलर या वैद्य मित्रास लिहिलेल्या पत्रांत त्यानें आपली स्थिति सांगितली आहे. नाटकगृहांत नटाचे शब्द समजावे म्हणून त्यास वाद्यवृंदास अगदीं खेटून बसावें लागे. कोणी हळू बोललें तर आवाज येई, पण शब्द उमगत नसत. कोणी ओरडलें तर तें सोसत नसे. आपण बहिरे आहों हें कोणास सांगवेना, म्हणून दोन वर्षें त्यानें लोकांत मिसळणें टाळलें होतें. आणि लोकांच्या तें लक्षांतही येत नसे! तो मुळचाच तंद्रींत असणारा. तेव्हां याचें लक्ष नाहीं, एवढाच त्यांचा समज होई.

ऑक्टोबर १८०२ मध्यें व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या तेव्हांच्या खेड्यांत त्यानें भावांच्या नांवें एक मृत्युपत्रवजा लेख लिहिला. लोक आपणांस हट्टी व माणूसघाणा समजतात, पण त्याचें खरें कारण त्यांना ठाऊक नाहीं, ही त्यांतील मुख्य तक्रार. आत्मनाशाच्या विचारापासून केवळ कलेनें आपणांस परतविलें, असेंही तो सांगतो. सर्वांत हृदयद्रावक आहे ती शेवटची विनंति: आपल्या मरणानंतर डॉक्टर श्मिट यांनीं या रोगाचें वर्णन लिहावें, म्हणजे निदान मेल्यावर तरी जगाचा आपल्याशीं समेट होईल. डॉक्टर १८०९ मध्यें वारले. लेख कागदांत पडून राहिला, तो बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर १८२७ सालीं सांपडला.

तोंपर्यंत त्याचें बहिरेपण सर्वांस ठाऊक झालें होतें. १८१८ पासून भेटीस येणारे वहींत लिहून त्याच्याशीं बोलत. ७ मे १८२४ रोजीं त्याची नववी सिंफनी प्रथम वाजली, तेव्हां तो श्रोत्यांकडे पाठ करून उभा होता. टाळ्यांचा कडकडाट त्यास कळला नाहीं. कॅरोलिन उंगेर या गायिकेनें त्यास हलकेच फिरविलें. मग लोकांनीं टोप्या व रुमाल हालविले. ऐकूं न येणारी वाहवा त्यास डोळ्यांनीं दिसली.

एकनाथांनीं भारुडांत हरिकथेस कान न देणाऱ्यास बहिरा म्हटलें. रूपक म्हणून तें यथार्थच आहे. पण व्यवहारांतही बहिरा म्हणजे ऐकूं न इच्छिणारा, असें आपण धरून चालतों. अलीकडे मागच्या बाकावरचा प्रश्न मला पुन्हां विचारावयास सांगावा लागतो, आणि वर्गांत हंशा पिकतो. पूर्वीं मी समजल्याचा बहाणा करून वेळ मारून नेत असें. परवां सरळ सांगितलें, "मला ऐकूं कमी येतें, उभे राहून, माझ्याकडे पाहून बोला." तेव्हांपासून मुलें तसेंच बोलतात. एवढें एक वाक्य उच्चारावयास मला तीन वर्षें लागलीं.