पाच शिलिंगांचा नाताळ

1659 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स बे या इंग्रज वसाहतीत कायदा झाला: काम बंद ठेवून, मेजवानी घालून किंवा आणखी कुठल्या रीतीने जो नाताळ पाळेल, त्याला पाच शिलिंग दंड. कायदा करणारे प्युरिटन होते, बायबलवर जीव टाकणारे ख्रिस्ती.

मी नगरच्या मराठी ख्रिस्ती घरात वाढले. हा इतिहास मला परका वाटत नाही. 1813 साली मुंबईत उतरलेले आमच्या अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल मंडळ्यांतून आले होते. त्या मंडळ्या याच प्युरिटनांच्या वारसदार. हॉल तर मॅसॅच्युसेट्सचाच. 1831 पासून मिशनचं काम नगरला सुरू झालं. म्हणजे ज्यांच्याकडून आमच्या वाडवडिलांनी शुभवर्तमान ऐकलं, त्यांच्या परंपरेत नाताळ हा सणच नव्हता.

प्युरिटनांचा राग कशावर होता? बायबलमध्ये ख्रिस्तजन्माची तारीख नाही, हे त्यांचं पहिलं कारण. दुसरं त्यांनी इंग्लंडात डोळ्यांनी पाहिलेलं. तिथे नाताळाचे बारा दिवस दारू, पत्ते आणि फासे यांत जात. टोळकी श्रीमंतांच्या दारात जाऊन खाणंपिणं मागत, न मिळाल्यास दांडगाई करत. 1647 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट असे तिन्ही सण रद्द केले. त्याच वर्षीच्या नाताळात कँटरबरीत दंगल उसळली.

त्याआधी अमेरिकेतल्या प्लिमथच्या वसाहतीत 1620 च्या 25 डिसेंबरला लोक पहिलं सामायिक घर बांधायला लागले होते. पुढच्या वर्षीचा प्रसंग गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने स्वतः लिहून ठेवला आहे. नुकत्याच जहाजाने आलेल्या काही जणांनी सांगितलं, या दिवशी काम करणं आमच्या सद्सद्विवेकाला पटत नाही. ब्रॅडफर्डने त्यांना मोकळीक दिली आणि बाकीच्यांना घेऊन तो कामावर गेला. दुपारी परत येऊन पाहतो, तर ही मंडळी रस्त्यात चेंडू खेळत होती. त्याने खेळाचं सामान काढून घेतलं. इतरांनी राबावं आणि तुम्ही खेळावं, हे माझ्या सद्सद्विवेकाला पटत नाही, असं त्याने सुनावलं. भक्ती म्हणून दिवस पाळायचा असेल तर घरात बसून पाळा. रस्त्यात धिंगाणा चालणार नाही.

मला ब्रॅडफर्डचा प्रश्न मोलाचा वाटतो. तुझ्या सणाचा भार कोण वाहतं, असंच तो विचारत होता. मात्र दंडाचा मार्ग मला मान्य नाही. 1681 साली, इंग्लंडच्या दडपणाखाली, मॅसॅच्युसेट्सचा पाच शिलिंगांचा तो कायदा मागे घेतला गेला. 1856 मध्ये मॅसॅच्युसेट्सने नाताळाची अधिकृत सुट्टी जाहीर केली. बंदीने संयम शिकवला असता, तर आज तिथला नाताळ बाजाराच्या हाती गेला नसता.

रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायात पौलाने यावर तोड सांगितली आहे: दिवस पाळणाऱ्याने प्रभूसाठी पाळावा, न पाळणाऱ्याने प्रभूसाठी पाळू नये, आणि एकाने दुसऱ्याला तुच्छ लेखू नये. सण पाळण्याची मोकळीक आहे, पण तो कोणासाठी, याचं उत्तर द्यावं लागतं.

म्हणून आमच्या वस्त्यांत नाताळासाठी कर्ज काढलेलं पाहिलं की मला वाईट वाटतं. मुलांच्या कपड्यांची तुलना होते, चांदणी कोणाची मोठी यावर चढाओढ लागते, उपासनेत उभं राहायला चांगली साडी नाही म्हणून एखादी बाई चर्चला येतच नाही. ज्याचा जन्म आपण साजरा करतो, त्याला गोठ्यात गव्हाणीत ठेवलं होतं. त्याच्या सणाला गरिबाला लाज वाटावी, यापरता मोठा अपमान नाही.

करंज्या कराव्यात, कंदील लावावा, कॅरल गात घरोघरी फिरावं. आनंद हा विश्वासाचाच भाग आहे. पण खर्चाची यादी करताना मंडळीतल्या आजारी, विधवा, कामावरून काढलेल्या माणसाचं नाव सगळ्यात वर लिहावं, आणि उरेल त्यात आपला सण बसवावा. कर्ज काढून एक रुपयाही खर्चू नये. प्रत्येक घराने हे आपणहून ठरवलं, तर कुठल्या कोर्टाला दंड लावावा लागणार नाही.