शेवटचं बटण

राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात गिऱ्हाइकाला कुणी घाई करत नाही. तो बैलाभोवती एक फेरी मारतो, जबडा उघडून दात बघतो, खूर दाबून बघतो, चार पावलं चालवून घेतो. डांगी जनावर डोंगरातल्या पावसात उभं राहणारं, अंगावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. पण प्रत्येकाची खोड निराळी, आणि ती घरी नेल्यावर कळून उपयोग नसतो. सौदा जुन्या रीतीने करायचा तर उपरण्याखाली बोटं धरून होतो. भोवतीच्या बघ्यांना आकडा कळत नाही. आणि नाहीच पटलं तर माणूस उठतो, घरून आणलेलं दावं खांद्यावर टाकतो, चहा घेतो, राजूरला आलोच आहोत तर पोरांसाठी पेढे घेतो आणि मोकळा परत जातो. तीन बैल दावणीला आहेत, यातला एक न्यावाच लागेल, असं त्याला कुणी म्हणत नाही.

मतदान केंद्रात मात्र बरीच वर्षं आपण असंच म्हणत आलो. त्यासाठी भाषेत म्हणही तयार आहे: दगडापेक्षा वीट मऊ. अकोले तालुक्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर निवडणुकीचा विषय निघाला की ही म्हण दहा मिनिटांत येतेच. ती म्हणणाऱ्याच्या आवाजात उत्साह नसतो. वीट आवडली असं तो म्हणत नाही, डोक्यात काय पडलेलं परवडेल एवढाच हिशेब सांगतो.

या तालुक्यात तो हिशेब अलीकडे अवघड झाला. अकोले हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ. राजूर हे मधुकर पिचड यांचं गाव. ते इथून सात वेळा आमदार झाले, मंत्री राहिले. २०१४ला त्यांचे चिरंजीव वैभव पिचड राष्ट्रवादीच्या घड्याळावर निवडून आले. २०१९ला ते भाजपच्या कमळावर उभे राहिले आणि घड्याळावरच्या डॉ. किरण लहामटे यांच्याकडून हरले. मग राष्ट्रवादीचेच दोन भाग झाले. २०२४ला लहामटे अजित पवारांच्या घड्याळावर, समोर शरद पवारांच्या पक्षाचे अमित भांगरे तुतारी घेऊन, आणि वैभव पिचड अपक्ष. लहामटे काही हजारांनी निवडून आले. लोकसभेला हा तालुका शिर्डीत जातो. तिथे भाऊसाहेब वाकचौरे २००९ला शिवसेनेचे, २०१४ला काँग्रेसचे, २०२४ला ठाकऱ्यांच्या शिवसेनेचे उमेदवार होते. यात कोण भला आणि कोण बुरा हे ठरवायला मी बसलेलो नाही. पण ज्याचं मत चिन्हाला असतं त्याला दर पाच वर्षांनी माणूस तपासावा लागतो, आणि ज्याचं माणसाला असतं त्याला चिन्ह शोधावं लागतं. दोन्ही पटलं नाही तर काय, हा प्रश्न मग सहज पडतो. त्याचं आजचं उत्तर म्हणजे मतदान यंत्रावरचं सर्वात खालचं बटण, नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’.

हे बटण २०१३ साली न्यायालयाने मतदाराला दिलेली नवी देणगी, असं सगळे धरून चालतात. मला ते पटत नाही. ती वस्तू मतदाराकडे आधीपासून होती. मध्ये हरवली, ती परत मिळाली.

मागे जाऊन बघू. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. लोखंडी पेट्या, त्यातल्या लाखो विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात बनलेल्या. पेटीवर चिन्ह चिकटवलेलं असायचं. मतदाराने हातातली कोरी पत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, कुठे खूण करायची नाही. या रीतीत नकाराला पेटीच नव्हती. पत्रिका खिशात घालून बाहेर पडणं एवढीच पळवाट, आणि तिचा पुढे बाजारही मांडला गेला. बाहेर नेलेली पत्रिका विकता येई.

१९६२च्या सुमाराला ही रीत बदलली. एकच पत्रिका, तिच्यावर सगळी नावं आणि चिन्हं, हातात फुलीचा रबरी शिक्का. इथून मतदाराला खरी गंमत सापडली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे तो एकटा असतो. शिक्का दोघांवर मारावा, सगळ्यांवर मारावा किंवा कुठेच मारू नये. पत्रिका घडी घालून पेटीत टाकली की बाहेर बसलेल्या कुणाला पत्ता लागत नाही. मतमोजणीत ती ‘बाद’ म्हणून वेगळ्या गठ्ठ्यात जायची. त्या गठ्ठ्याकडे आपण नेहमी अडाणीपणाचा पुरावा म्हणून बघितलं. शिक्का नीट मारता येत नाही, शाई पलीकडच्या रकान्यात उमटते, घडी चुकीची पडते, हे सगळं खरंच होतं. पण त्याच गठ्ठ्यात विचारपूर्वक बाद केलेली मतंही असायची, आणि कुठलं कोणतं हे सांगायला काही मार्ग नव्हता. रागावलेला मतदार अडाण्यांच्या रांगेत लपून बसला होता. उपरण्याखालच्या बोटांसारखंच हे. फक्त इथे सौदा मोडल्याचं दुसऱ्या बाजूला कळायचंच नाही.

१९६१च्या निवडणूक नियमांत उघड नकाराचीही सोय होती. पत्रिका घेतली आणि वापरायची नसली, तर ती केंद्राध्यक्षाला परत द्यायची, तो तिच्यावर ‘परत केली, रद्द’ असा शेरा मारणार. पण बाद करायची सोय आडोशामागे असताना उघडपणे परत करायला जाणार कोण?

मग यंत्र आलं. केरळमधल्या परवूरला १९८२ साली पहिल्यांदा काही केंद्रांवर वापरलं गेलं, न्यायालयात अडकलं, कायद्यात दुरुस्ती झाली, आणि २००४च्या लोकसभेला देशभर सगळीकडे यंत्रच होतं. यंत्राचं एक कौतुक असं झालं की आता मत बाद होणार नाही. ते खरं ठरलं. एकदा बटण दाबलं की दुसरं दाबता येत नाही, शाई सांडत नाही. बाद मतांचा गठ्ठा मोजणीच्या टेबलावरून नाहीसा झाला आणि त्याच्यासोबत त्यात लपलेला रागावलेला मतदारही गेला. त्याच्याबद्दल तेव्हा कुणी हळहळल्याचं आठवत नाही.

त्याच्यासाठी नियमात कलम ठेवलं होतं: ४९-ओ. ते कागदावर वाचलं तर सभ्य वाटतं. केंद्रात काय घडायचं ते बघा. शाळेची खोली. पहिला अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने पुकारतो. मागच्या बाकावर पक्षांचे एजंट, आपापल्या यादीवर पेन्सिलीने खूण करणारे. गाव लहान असलं तर त्यातला एक भावकीतला, एक सोसायटीतला. दुसरा अधिकारी बोटाला शाई लावतो, १७-ए नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो. आता मतदाराने म्हणायचं, मला मत द्यायचं नाही. खोलीत शांतता. केंद्राध्यक्ष चष्मा सारखा करतो, नियमपुस्तिका उघडतो, नोंदीपुढे तसा शेरा लिहितो आणि त्या शेऱ्यापाशी मतदाराला पुन्हा सही करायला लावतो. एजंट मान वर करून बघतात. संध्याकाळपर्यंत वाडीला बातमी. आणि सही न करता, आडोशामागे जाऊन बटण न दाबताच यावं म्हटलं, तर यंत्राचा तो लांब ‘पीं’ आवाज होत नाही, म्हणजे न बोलताही सगळं कळतंच.

निवडणूक आयोगाला ही अडचण दिसत होती. २००१मध्ये आणि पुन्हा २००४मध्ये आयोगाने केंद्र सरकारला सुचवलं की यंत्रावरच नकाराची सोय करा. सरकारने मनावर घेतलं नाही. पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेने २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती नऊ वर्षं चालली. त्याच काळात आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे उमेदवार नाकारण्याचा अधिकार मागत होते, आणि २०११च्या दिल्लीतल्या उपोषणानंतर तो शब्द घरोघर गेला. २७ सप्टेंबर २०१३ रोजी सरन्यायाधीश पी. सदाशिवम, न्या. रंजना देसाई आणि न्या. रंजन गोगोई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. त्यातला मुद्दा नीट बघितला पाहिजे. उमेदवार वाईट असतात म्हणून बटण द्या, एवढ्यावर निकाल उभा नव्हता. मत देणाऱ्याला गुप्तता आहे, न देणाऱ्याला नाही, हा भेद टिकणारा नाही, हा त्याचा कणा होता. म्हणजे न्यायालयाने आडोशामागचा शिक्काच परत केला, बटणाच्या रूपात.

त्याच वर्षीच्या अखेरीला दिल्ली, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि मिझोरामच्या विधानसभांना हे बटण पहिल्यांदा आलं. महाराष्ट्राच्या लोकसभा मतदाराने ते २०१४ला बघितलं. तेव्हा बटणापुढे चित्र नव्हतं, नुसती अक्षरं. ज्या आजीने आयुष्यभर चिन्ह बघून मत दिलं, तिला ते बटण म्हणजे रिकामी जागा. चिन्ह आलं सप्टेंबर २०१५मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने केलेलं: मतपत्रिका आणि तिच्यावर काळी फुली. म्हणजे फुली पुन्हा आली. फक्त पूर्वी ती मतदार स्वतः मारायचा.

इथे एक गोष्ट आठवते. नकाराला चित्र द्यायची कल्पना महाराष्ट्रातल्या बायकांना नवी नव्हती. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर मतदान होतं, त्यात एक उभी बाटली असते, एक आडवी. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकानाला कुलूप. चित्र कळायला अक्षरं लागत नाहीत आणि निकाल लागला की काहीतरी खरोखर बंद होतं. नोटाचं तसं नाही. विधानसभा-लोकसभेत नोटाला कितीही मतं पडोत, उमेदवारांत ज्याला जास्त तो निवडून येतो. ९९ जणांनी नोटा दाबलं आणि एकाने स्वतःला मत दिलं तरी तो एकटा आमदार.

तरी लोकांनी ते वापरलं, आणि वापरलं ते मोठं गमतीदार. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुख जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर नोटा, २७,५०० मतं. पलूस-कडेगावला विश्वजीत कदम जिंकले, तिथेही दुसरा नोटाच, २० हजारांवर. दोन्हीकडे युतीची जागा शिवसेनेला गेली होती आणि भाजपचे कार्यकर्ते धुसफुसत होते. तो नकार एकट्या मतदाराचा होता, की वरून आलेल्या निरोपाचा? दोन्हीची सरमिसळ असणार. २०२२च्या अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत समोरच्या भाजपने माघार घेतली, तिथेही नोटा दुसरं आलं. २०२४ला इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि नोटाला २ लाख १८ हजारांवर मतं पडली. असे उंच आकडे बघितले की समोरचा पैलवान आखाड्यात उतरलेला नसतो, असंच बहुतेकदा दिसतं. देशभरात मात्र नोटा एका टक्क्याच्या आसपास रेंगाळतं. २०१४ला साठ लाखांच्या जवळपास, २०२४ला त्रेसष्ट लाखांवर. दगडापेक्षा वीट मऊ म्हणणारे अजून ९९ टक्के आहेत.

नोटाला दात आणायचा प्रयत्न महाराष्ट्रानेच आधी केला. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८मध्ये आदेश काढला की महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर कुणीच निवडून येणार नाही, फेरनिवडणूक होईल. अकोले शहराची नगरपंचायत या कक्षेत येते. त्याच महिन्यात हरियाणाने एक पाऊल पुढे टाकलं: नोटापेक्षा कमी मतं घेणाऱ्याला फेरनिवडणुकीत उभंच राहता येणार नाही. बाजारात हे लगेच समजतं. तोच बैल रंग लावून पुन्हा आणला तर गिऱ्हाईक कशाला थांबेल?

उलट्या बाजूची पळवाटही गावांनीच काढली. बिनविरोध. एकच अर्ज उरला की मतदान नाही, यंत्र नाही, शेवटचं बटणही नाही. कधी ते समजुतीने होतं, कधी पैशाने. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात ग्रामपंचायतीची पदं लिलावात गेल्याचं उघड झालं, तेव्हा आयोगाने जानेवारी २०२१मध्ये तिथली आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूक रद्द केली.

नकाराशिवाय दुसरीही एक सोय असू शकते. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत नोटा नाही, पण तिथल्या मतदाराला दगड, वीट आणि तिसरं काही यांचा क्रम लावता येतो. १९६९ला तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख, रायगडकडचे. व्ही. व्ही. गिरींना ४ लाख १ हजार ५१५, नीलम संजीव रेड्डींना ३ लाख १३ हजार ५४८, देशमुखांना १ लाख १२ हजार ७६९ मतमूल्य. कुणाचाच कोटा भरेना. देशमुख आणि इतर बाद झाले, त्यांच्या पत्रिकांवरची पुढची पसंती मोजली, तेव्हा गिरी निसटते जिंकले. देशमुखांना मत देणाऱ्यांना आपला माणूसही लिहिता आला आणि वीट कोणती हेही. ही सोय आमदार-खासदारांना आहे, राजूरच्या मतदाराला नाही.

४९-ओ अजून नियमांत आहे. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष १७-सी हा नमुना भरतो. किती जणांनी सही केली, यंत्रात किती मतं पडली, आणि मध्ये एक ओळ: सही करूनही ज्यांनी मत द्यायचं नाही असं ठरवलं त्यांची संख्या. खाली एजंटांच्या सह्या. बहुतेक ठिकाणी त्या ओळीपुढे शून्य पडतं, कुणी वर बघत नाही, आणि यंत्राला लाख लावायला मेणबत्ती पेटते.