आज्जाच्या डोळ्यातली खिडकी

आजचा एपिसोड एका छोट्याशा ठिपक्याबद्दल आहे.

इस्लामपुरात एका स्टुडिओत मी पोर्ट्रेट लायटिंग शिकतोय. मागच्या महिन्यात एक काका जुना फोटो घेऊन आले. कडा वाळवीनं खाल्लेल्या, मधोमध डाग. म्हणाले, "आमच्या आज्जाचा एवढा एकच फोटू हाय. मोठा करून दे. आन् जरा गोरा कर, आज्जा एवढा काळा नव्हता. ही गालावरची सावली बी काढ."

मी फोटो स्कॅन करून झूम केला. आज्जाच्या दोन्ही डोळ्यांत, बुबुळाच्या वरच्या कोपऱ्यात, एक चौकोनी पांढरा ठिपका. ती खिडकी होती! लाईट कुठून आला, ते आज्जाच्या डोळ्यातच छापलं गेलेलं.

आता जरा मागं जाऊ. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्यातलेच एक विद्यार्थी हरिश्चंद्र चिंतामण. पुढं त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. म्हणजे आपल्याकडं हे शिकणारी पोरं जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपूर्वीपासून आहेत. पण त्यांच्याकडं ना फ्लॅश, ना बल्ब. काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. बसणाऱ्यानं काही सेकंद हलायचं नाही, म्हणून मानेमागं लोखंडी टेकू. जुन्या फोटोंत माणसं हसत का नाहीत, याचं एक कारण हेच.

लाईट यायचा मोठ्या काचेतून, शक्यतो उत्तरेकडच्या. तिकडून थेट ऊन येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो. पण हा नियम युरोपातला. आपण १७ अंश अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या उत्तरेलाच असतो! मग पडदे. एक ओढायचा, एक सोडायचा, सावलीच्या बाजूला पांढरं कापड धरायचं. आज आम्ही सॉफ्टबॉक्स लावतो, तो म्हणजे स्टँडवर टांगलेली खिडकीच. आणि थर्माकोलचा रिफ्लेक्टर म्हणजे ते पांढरं कापड.

पुढं दिवे आले. इथून तासाभरावर कोल्हापूर. तिथं बाबूराव पेंटर यांनी १९२३ च्या 'सिंहगड' सिनेमात रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे वापरले. तेव्हापासून उजेड सूर्यावर अवलंबून राहिला नाही, माणसाच्या हातात आला.

आता काकांच्या मागणीकडं येतो. गोरं करायची गोष्ट मला आधी खटकली. सगळ्यांनाच गोरं करत बसायचं का? पण काकांचं अर्धं खरं होतं. जुन्या प्लेटांना निळा रंग चांगला दिसायचा, तांबडा जवळजवळ दिसायचाच नाही. आपल्या तांबूस-सावळ्या कातडीचा रंग त्यात आहे त्यापेक्षा काळा उतरायचा. तांबडं नीट टिपणारी फिल्म सर्रास वापरात यायला १९२०-३० ची दशकं उजाडली, आणि लहान गावांत तर जुन्या प्लेटा आणखी बराच काळ चालल्या. म्हणजे आज्जा खरंच एवढा काळा नसणार.

सावलीचं मात्र वेगळं. ती प्लेटची चूक नव्हती. एका गालावर उजेड, दुसऱ्यावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण. आम्ही याला रेम्ब्रांट लाईट म्हणतो आणि तो जमायला मला तीन आठवडे लागले. त्या फोटोग्राफरनं पडदा ओढून तो मुद्दाम आणला होता. त्या सावलीमुळंच गालाचं हाड दिसतं, कष्टाचा चेहरा दिसतो. ती काढली तर उरेल आधार कार्ड.

मी दोन प्रिंट काढल्या. दोन्हींत रंग थोडा उजळला, पण एकीत सावली ठेवली. काकांनी दोन्ही शेजारी धरल्या, बराच वेळ बघितल्या. मग सावलीवाली उचलली. "ह्यो आज्जा हाय," म्हणाले. "दुसरा कोण हाय म्हाईत न्हाई."

तुमच्या घरातही भिंतीवर असा एखादा हार घातलेला फोटो असेल. आज मोबाईलनं त्याचा फोटो काढा, झूम करा, डोळे बघा. खिडकी दिसली तर मला कळवा. भेटू पुढच्या भागात!