पेण–नागोठणे परिसरातील घरगुती गणपती कारखाने : साधनांतील स्थित्यंतराचा एक अभ्यास

प्रस्तावना

नागोठणे येथे 'कारखाना' हा शब्द उच्चारला असता ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम येतो तो १९८० च्या दशकात उभारणी झालेला पेट्रोरसायन प्रकल्प. तेथून मुंबई–गोवा महामार्गाने पेणच्या दिशेने सुमारे पंचवीस किलोमीटर गेले की त्याच शब्दाचा अर्थ बदलतो. पेण शहर आणि हमरापूर, जोहे या गावांत पडवीत, ओटीवर किंवा घरामागच्या पत्र्याच्या छपरीत गणेशमूर्ती घडविणारे कुटुंबही आपल्या जागेस 'कारखाना'च म्हणते. दक्षिण कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, अशाच जागेस 'गणपतीची शाळा' म्हणण्याचा प्रघात आहे. शाळा आणि कारखाना या दोन शब्दांमधील अंतर केवळ बोलीभेदाचे नाही. ते कामाच्या स्वरूपाचे आणि पर्यायाने साधनांचे अंतर आहे. या घरगुती कारखान्यात नवी साधने कोणत्या क्रमाने आली आणि त्यांनी घरातील कामाची वाटणी कशी बदलली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाट, कोरणी आणि माती

कोकणातील जुनी रीत अशी की गणेशचतुर्थीच्या कित्येक दिवस आधी यजमान आपल्या घरचा लाकडी पाट मूर्तिकाराकडे नेऊन देई आणि त्या पाटावरच त्याची मूर्ती घडे. जितके पाट तितक्या मूर्ती, असा हा सरळ हिशेब होता. त्यामुळे साठा करण्याचा प्रश्न नव्हता आणि फार साधनांची गरजही नव्हती. शाडूची ढेकळे फोडण्यासाठी लाकडी मोगरी, चाळण, माती भिजविण्याचे भांडे, बांबूच्या किंवा धातूच्या कोरण्या व कुंचले एवढ्यावर काम भागत असे. यांतील बहुतेक वस्तू घरी किंवा गावच्या सुतार-लोहाराकडे तयार होत.

१८९३ नंतर लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार झाला आणि वाढत्या मुंबईची मागणी जवळच्या पेणकडे वळली. ओळखीच्या यजमानाऐवजी अनोळखी बाजारासाठी मूर्ती घडवावयाची झाल्यावर एकाच रूपाच्या अनेक प्रती काढणे आवश्यक ठरले. येथे साच्याचे महत्त्व वाढले.

साचा : प्लास्टरचा आणि रबराचा

साच्याची कार्यपद्धती थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व वादाचे मूळ तीत आहे. मूळ मूर्तीवरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा तुकड्यातुकड्यांचा साचा घेतात. त्यात मळलेली शाडू बोटांनी दाबून बसविली की कोरडे प्लास्टर मातीतील पाणी शोषून घेते, माती किंचित आकसते आणि साच्यापासून सुटते. म्हणजे प्लास्टर येथे मूर्तीचे द्रव्य नसून औजार आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूर्तीच प्लास्टरची होऊ लागली तेव्हा हे नाते उलटले. जिप्सम तापवून केलेल्या या भुकटीत पाणी मिसळले की ती अर्ध्या तासाच्या आत घट्ट होते आणि घट्ट होताना किंचित फुगते, त्यामुळे साच्यातील बारीक रेषाही नेमक्या उठतात. काथ्याची जोड दिली की पोकळ, पातळ आणि तरीही मजबूत मूर्ती निघते. शाडूची मूर्ती सुकण्यास अनेक दिवस घेते. कोकणच्या आषाढात तर ती सुकता सुकत नाही, तिला तडे जातात आणि लांबच्या प्रवासात ती सांभाळावी लागते.

प्लास्टरमागोमाग रबरी साचा आला. रबर लवचिक असल्याने सोंडेच्या वळणाखाली किंवा हाताच्या मागे अडकत नाही. त्यामुळे पूर्वी अनेक तुकड्यांत करावा लागणारा साचा मोजक्या भागांत होऊ लागला आणि मूर्तीवरील जोडांच्या रेषा घासण्याचे कामही कमी झाले. परंतु रबर पाणी शोषत नाही. ते द्रव प्लास्टर ओतण्यास जितके सोयीचे, तितके माती दाबून काढण्यास सोयीचे नाही. शिवाय साचा ही विकत मिळणारी वस्तू झाली. ज्याच्या घरी मूळ मूर्ती घडविणारा हात नाही त्यालाही भांडवल घालून कारखाना काढता येऊ लागला. व्यवसायाचा विस्तार यामुळे झाला, हे नाकारता येत नाही. मात्र ज्याने मूळ रूप घडविले त्याचे नाव त्या रूपाच्या शेकडो प्रतींबरोबर जात नाही, याची खंत या व्यवसायाच्या वर्णनांत क्वचितच आढळते.

कॉम्प्रेसर आणि घरातील श्रमविभागणी

रंगकामात मोठा बदल घडविला तो कॉम्प्रेसर व स्प्रे गन यांनी. कुंचल्याने एका मूर्तीस जो वेळ लागे त्यात अनेक मूर्तींचे अंग रंगू लागले आणि छटा एकमेकींत विरघळविणे सोपे झाले. या यंत्रामुळे घरगुती कारखाना विजेशी बांधला गेला. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात भारनियमन तीव्र होते, तेव्हा रंगकामाचे वेळापत्रक ठरविण्यात मूर्तिकारापेक्षा वीजपुरवठ्याचा अधिकार मोठा होता. रंगाचा धूर त्याच छपराखाली राहणाऱ्या मुलाबाळांच्या श्वासात जातो, ही बाबही या सुधारणेच्या जमाखर्चात धरली पाहिजे.

साधने बदलली तशी कामेही वेगळी झाली. ओतकाम, घासकाम, रंग, दागिने असे टप्पे पडले. घासकाम, रंग आणि सजावट यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. बिनरंगाची 'कच्ची' मूर्ती हा स्वतंत्र माल बनला आणि ती इतरत्र रंगविण्यासाठी पाठविली जाऊ लागली. एक काम मात्र यंत्राकडे गेले नाही. डोळ्यांची आखणी आजही हातातील बारीक कुंचल्यानेच होते आणि ती करणारा हात कारखान्यात सर्वाधिक मानाचा समजला जातो.

निर्बंध आणि माळ्यावरील साचे

२०२० च्या मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुधारित मार्गदर्शक तत्त्वांद्वारे प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी सुचविली. तिची अंमलबजावणी वर्षभर पुढे ढकलण्यात आली. त्याच वर्षी महासाथीमुळे राज्य शासनाने सार्वजनिक मूर्तीस चार फूट आणि घरगुती मूर्तीस दोन फूट अशी मर्यादा घातली आणि ती २०२१ मध्येही राहिली. परिणामी मोठ्या मूर्तींचे साचे सलग दोन हंगाम पडून राहिले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने ९ जून २०२५ रोजी प्लास्टरच्या मूर्ती घडविण्यास व विकण्यास मुभा दिली, परंतु नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन न्यायालयाच्या परवानगीविना करू नये, असे बजावले. २४ जुलै २०२५ च्या आदेशाने सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींसाठी कृत्रिम तलाव अनिवार्य झाले.

जलप्रदूषणाचा प्रश्न खरा आहे आणि खाडीकाठच्या या तालुक्यांनी तो दुर्लक्षावा असे कोणी म्हणणार नाही. तथापि 'प्लास्टर सोडा, माती धरा' हा सल्ला वाटतो तितका सोपा नाही. मातीकडे परतणाऱ्या कुटुंबास कॉम्प्रेसर आणि कुंचले उपयोगी पडतात, पण द्रव प्लास्टर ओतण्यासाठी घेतलेल्या रबरी साच्यांचा संच तसाच्या तसा कामी येत नाही. मूर्ती सुकविण्यास अधिक जागा आणि अधिक दिवस लागतात, म्हणजे काम महिनोन्महिने आधी सुरू करून तेवढा काळ भांडवल अडकवावे लागते. शाडू मुख्यत्वे गुजरातमधून आणावी लागते. आणि ती दाबण्यासाठी पाणी शोषणारे साचे नव्याने करावयाचे, तर त्यांसाठीही पुन्हा प्लास्टर ऑफ पॅरिसचीच पोती घरात आणावी लागतात.