ट्रेकला सापडलेलं सांबराचं शिंग घरी आणणं गुन्हा का आहे? आणि जंगल त्या शिंगाचं करतं तरी काय?

भीमाशंकरचा ट्रेक. पायवाट सोडून जरा आत गेलं की पाचोळ्यात फांदीसारखं काहीतरी तपकिरी पडलेलं दिसतं. उचलल्यावर कळतं, ही फांदी नाही, सांबराचं शिंग आहे. आजूबाजूला ना हाडं, ना रक्त. मग आधी फोटो, मग स्टोरी आणि त्यानंतर शिंग थेट सॅकमध्ये.

घोळ इथंच होतो. कुणी शिकार केली नाही, प्राणी मेला नाही, शिंग आपोआप गळून पडलंय. तरीही ते घरी नेणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार गुन्हा आहे. जंगलात "पडून वाया चाललंय" असं आपल्याला वाटतं, ते शिंग खरं तर वाया जातच नसतं.

आधी हे बघू, शिंग गळतं कसं?

मराठीत आपण सगळ्यालाच शिंग म्हणतो. गाईचं ते शिंग, काळविटाचं ते शिंग आणि सांबराचंही शिंगच. पण यात दोन वेगळे प्रकार आहेत.

गाय, म्हैस, काळवीट, चिंकारा, चौसिंगा यांच्या शिंगात आत हाड असतं आणि वरून नखासारख्या पदार्थाचं टोपण. हे शिंग जन्मभर टिकतं, गळत नाही. त्यामुळे सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे भरपूर असले, तरी तिथं दरवर्षी गळलेल्या शिंगांचा सडा पडत नाही.

सांबर, चितळ आणि भेकर यांचं गणित वेगळं. त्यांचं शिंग म्हणजे भरीव हाड असतं आणि ते फक्त नराला येतं. शरीरातलं टेस्टोस्टेरॉन कमी झालं की कवटीवरचा खुंट आणि शिंग यांच्यातला हाडाचा थर पेशी विरघळवून टाकतात. जोड ढिला होतो आणि शिंग पडतं. बऱ्याचदा दोन्ही शिंगं एकाच जागी पडत नाहीत, म्हणून जोडी सापडणं अवघड.

मग त्याच खुंटावर नवीन शिंग उगवतं. सुरुवातीला त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली त्वचा असते. वाढ पूर्ण झाली की ही त्वचा सुकते आणि नर झाडांवर घासून ती काढून टाकतो. सस्तन प्राण्यांमध्ये याच्याइतक्या वेगानं वाढणारं दुसरं हाड नाही. हा सगळा खटाटोप दरवर्षी नव्यानं होतो.

मग जंगलात शिंगांचे ढीग का दिसत नाहीत?

कारण जंगल ती खाऊन टाकतं.

यातला मुख्य गिऱ्हाईक म्हणजे साळिंदर. साळिंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कडक लागतं. शिंगात कॅल्शियम आणि फॉस्फरस असतं, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. साळिंदर हाडं आणि शिंगं बिळात ओढून नेतं आणि निवांत कुरतडत बसतं. जंगलात सापडलेल्या शिंगावर छिन्नीनं कोरल्यासारख्या समांतर रेघा दिसल्या, तर ते कारागीर बहुतेक हेच.

दुसरं गिऱ्हाईक ऐकून आश्चर्य वाटेल. ते म्हणजे स्वतः हरणं! गवत खाणारे प्राणी क्षार कमी पडले की हाडं आणि गळलेली शिंगं चघळतात. चितळांमध्येही हे दिसलंय. दाढांमध्ये आडवं धरून चघळल्यानं तुकड्याची टोकं झिजून चिमट्यासारखी दुभंगतात. जगात काही ठिकाणी असे तुकडे बघून संशोधकांना ती आदिमानवाची हत्यारं वाटली होती. म्हणूनच हाडावर खूण दिसली की ती माणसाच्या सुरीची आहे की जनावराच्या दाताची, हे पुरातत्त्वातले लोक आधी तपासतात.

थोडक्यात, शिंग म्हणजे जंगलाचं मिठाचं दुकान आहे. एका नरानं वर्षभर चरून गोळा केलेले क्षार तो जंगलाला परत देत असतो. ट्रेकर ते शिंग उचलतो तेव्हा याच दुकानातला माल कमी होतो.

शिंगावर लिहिलेली प्राण्याची कुंडली

शिंग शोधणाऱ्यांना कधीकधी विचित्र नमुने सापडतात, आणि त्या प्रत्येकामागे काहीतरी कारण असतं.

एक शिंग डौलदार आणि दुसरं वेडंवाकडं असेल, तर शिंग वाढत असताना मखमलीला मार लागलेला असू शकतो. गंमत म्हणजे कारण पायातही असू शकतं. मागचा डावा पाय जखमी झाला, तर बऱ्याचदा उजवं शिंग बिघडतं, असं हरणांच्या अभ्यासात दिसलंय.

गळलेल्या शिंगाच्या बुडाशी कवटीचा तुकडा चिकटून आला असेल, तर तिथं जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. तो मेंदूपर्यंत गेला तर नर जगत नाही. वृषणांना इजा झालेल्या नराचं शिंग मात्र गळतच नाही. मखमल तशीच राहते आणि शिंगावर गाठीच गाठी येतात.

कधी दोन नरांची शिंगं एकमेकांत अडकलेलीच सापडतात. झुंजीत अडकली, सुटली नाहीत आणि दोघंही उपाशी मेले. हल्ली शिंगाला गुंडाळलेली तार, दोरी किंवा जाळंही सापडतं. ही खूण मात्र माणसाची.

अमेरिकेत मात्र यावर मोठा बाजार चालतो

अमेरिकेत एल्क नावाच्या मोठ्या हरणाची गळलेली शिंगं शोधणं हा लोकांचा छंद आहे. वायोमिंग राज्यातल्या जॅक्सन गावात १९६८ पासून अशा शिंगांचा जाहीर लिलाव होतो. शेजारच्या राखीव क्षेत्रातली शिंगं स्काउटची मुलं गोळा करतात आणि लिलावाच्या पैशातला मोठा वाटा त्याच क्षेत्रासाठी खर्च होतो. गावच्या चौकात शिंगांच्या कमानीही उभ्या आहेत. कुत्र्यांना चघळायला देण्यापासून झुंबरं बनवण्यापर्यंत ही शिंगं खपतात.

पण तिथंही मोकळं रान नाही. वायोमिंगच्या बऱ्याच सरकारी जमिनींवर १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंगं गोळा करायला बंदी असते. हिवाळ्यानं खंगलेली हरणं माणसांच्या मागं लागण्यानं पळत सुटली, तर त्यांची उरलीसुरली ताकदही संपते.

मग भारतात सरसकट बंदी का?

एकेकाळी आपल्याकडेही गळलेल्या सांबर-चितळाच्या शिंगांचा व्यापार चालायचा. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या चाकूंना सांबरशिंगाच्या मुठी असायच्या, कारण हे शिंग घट्ट आणि टिकाऊ.

अडचण अशी की गळलेलं शिंग आणि मारलेल्या हरणाचं शिंग अख्खं असताना ओळखता येतं. गळलेल्याचं बूड गोलसर असतं, मारलेल्याला कवटीचा भाग असतो किंवा तिथं करवतीची खूण असते. पण एकदा त्याची मूठ, बटण किंवा पावडर झाली की फरक संपला. "गळलेलं आहे" म्हणत शिकारीचा माल खपवता येतो. म्हणून आज कायद्यातल्या ट्रॉफीच्या व्याख्येत शिंग, हाड, दात, नखं हे सगळं येतं, आणि कलम ३९ नुसार ते सरकारी मालमत्ता ठरतं.

आता तुम्ही म्हणाल, मग मोरपीस कसं चालतं? तर मोराच्या शेपटीच्या पिसांना कायद्यानं देशांतर्गत वेगळी सूट दिलीय. शिंगांना ती नाही.

प्राणी कोणत्या अनुसूचीत आहे त्यावर शिक्षा ठरते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड.

आणि आजीच्या डब्यातलं सांबरशिंग?

महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या घरांत सहाणेशेजारी सांबरशिंगाचा एक तुकडा असायचा. छातीत कफ झाला, कुठं मुरगळलं की उगाळून लेप. आयुर्वेदात शृंगभस्मही आहे. काही वाड्यांच्या भिंतींवर अख्खी शिंगं लावलेली असायची.

अशा वस्तू जाहीर करायला सरकारनं २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती. मालकी प्रमाणपत्र असलेली वस्तू वारशानं मिळाली, तर वारसानं ९० दिवसांत तसं कळवायचं असतं. प्रमाणपत्र असेल पण वस्तू नको असेल, तर ती वनखात्याकडे जमाही करता येते, मोबदला मात्र मिळत नाही. कागदच नसेल तर ऑनलाइन विकायला काढण्याच्या किंवा कुणाला भेट देण्याच्या भानगडीत न पडता वकिलाचा सल्ला घेऊन वनखात्याशी बोललेलं बरं.

ट्रेकला शिंग दिसलं तर काय करायचं?

हात लावायचा नाही. लांबून फोटो काढायचा, पण नेमकं लोकेशन टाकायचं नाही, कारण शिंगाच्या मागे येणारे हरणाच्याही मागे येतात. शिंगाला कवटी किंवा करवतीची खूण दिसली, तर शिकारीचा संशय घेऊन वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवायचं. चुकून घरी आलंच असेल, तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनअधिकाऱ्याकडे कळवून जमा करायचं, असं कायदा सांगतो.

सांबराची शिंगं डोळे भरून बघायची असतील तर कात्रजचं प्राणी संग्रहालय आहेच. जंगलात पडलेल्या शिंगावर मात्र पहिला हक्क साळिंदराचा.